चांगला नको, आजारी वाफा मागा

‘ताई, आमचा तीन एकरांचा पालेभाजीचा मळा आहे. आजोबांनी लावला, बाबांनी वाढवला. आज आजी ७८ वर्षांची, बाबा ५७ चे, मी ३१ चा. माझी बायकोही आमच्यासोबतच राबते. विहिरीजवळचे वाफे आमचे सगळ्यात चांगले, त्यात कित्येक वर्षं पालकावर पालकच घेतो. आता दोन वर्षं झाली, रोपं तीन आठवड्यांची झाली की पिवळी पडतात आणि बसतात. बाबा म्हणतात बियाणं खोटं निघालं, अजून युरिया टाक, पाणी वाढव. मी म्हणतो जमिनीला विश्रांती द्या. त्यावर ते म्हणतात, “चाळीस वर्षं मी इथे काय गवत उपटलं?” गेल्या महिन्यात मेथीवर औषध मारून तिसऱ्याच दिवशी त्यांनी ती कापायला घेतली. डब्यावर सात दिवस लिहिले होते. मी गाडीपाशी अडवलं, चारचौघांत आवाज चढला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. पैशांचा हिशेब सगळा त्यांच्या डोक्यात, मला लागतील तेव्हा मागायचे. परवा बायको म्हणाली, “आपल्या मुलीनंही हेच करायचं का?” मला उत्तर सुचलं नाही. आजी कुणाचीच बाजू घेत नाही, बियाण्याला राखलेल्या कोथिंबिरीला चिंध्या बांधत फिरते. मी माझा हिस्सा घेऊन वेगळा निघू का?
— एक नातू’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात ते बाप-लेकाच्या भांडणाचं वाटलं. दुसऱ्या वाचनात दिसलं की चार निरनिराळी दुखणी तुम्ही एकाच जुडीत बांधली आहेत. वाफ्यातली मर, म्हणजे उभी रोपं सुकून मरण्याचा रोग, हे मातीचं दुखणं. तिसऱ्या दिवशी कापलेली मेथी ही खाणाऱ्याच्या पोटाशी जाऊन भिडणारी गोष्ट. पैसे मागून घ्यावे लागतात हे तुमच्या मानाचं दुखणं. आणि बायकोचा प्रश्न, ज्यावर तुम्ही एक ओळ लिहिलीत आणि पुढे गेलात, त्याकडे मला परत यायचं आहे.

आधी तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर देते. आत्ता वेगळे निघू नका.

मी पालेभाजीच्या मळ्यात वाढले. आमच्याकडे वडील आणि मोठा भाऊ वेगळे झाले, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. जमीन निम्मी-निम्मी झाली, विहीर सामाईक राहिली. जमीन वाटता येते, पण पालेभाजीचा क्रम वाटता येत नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. रोज माल निघायचा तर दर आठ-दहा दिवसांनी नवा वाफा पेरावा लागतो. एक उगवतोय, एक विरळायचाय, एक उद्या कापायचाय, असा फेरा सतत फिरता ठेवावा लागतो. जमीन निम्मी झाली आणि तो फेरा तुटला. कधी दोघांचीही कोथिंबीर एकाच दिवशी तयार, कधी आठवडाभर दोघांच्याही वाफ्यांत काहीच नाही. भावाला ताप आला तर त्याचा पालक कापायला कुणी नव्हतं, आणि चार दिवसांत तो जून झाला. आमच्या वडिलांच्या हातचा मळा आणि भावाच्या पायातलं बळ, दोन्ही एकमेकांवाचून फुकट गेली. त्या वाटणीचं दुःख माझ्या मनात अजून आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगते आहे. तुमच्या बाबतीत तर आणखी एक आहे. मर मातीत असेल तर ती वाटणीबरोबर कुणाच्या ना कुणाच्या हिश्शात जाणारच.

आता मातीकडे वळू. बाबा म्हणतात बियाणं, तुम्ही म्हणता जमीन थकली. दोघांपैकी कुणी रोप उपटून पाहिलंय का? पत्रात तसं कुठेच नाही. उद्या सकाळी नुकतीच पिवळी पडू लागलेली पाच-सहा रोपं खुरप्यानं मातीसकट हळुवार काढा. ओढून काढू नका, मुळं मातीतच तुटतात आणि तीच तर पाहायची असतात. पाण्यात खळखळून धुवा. मग मूळ आणि खोडाचा तळ धारदार पात्यानं उभा चिरा. आतून तपकिरी रेषा वर चढलेल्या दिसल्या तर ती बहुधा फ्युजेरियम बुरशीची मर. खोड जमिनीलगत मऊ, पाणचट होऊन बारीक झालं असेल तर ती रोपं कोलमडण्याची मर, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा दाट पेरणीत आणि साचलेल्या पाण्यात असतं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी असतील आणि त्या नखानं खरवडूनही निघत नसतील, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म जंत. तिन्हींत वरून पान सारखंच पिवळं दिसतं, इलाज मात्र वेगळे. हाताने पाहून झालं की तीच रोपं ओल्या मातीसकट जवळच्या रोगनिदान प्रयोगशाळेत द्या. डोळ्यांवर अख्खा भरवसा ठेवू नये, हे मी माझ्या चुकीतून शिकले आहे.

आणि हे एकट्यानं करू नका. बाबांना बोलवा. बोलणं बंद असलं तरी “जरा इकडे या, मुळाला काय झालंय बघा” एवढं म्हणता येतं. चाळीस वर्षं पान बघितलेल्या माणसाला मूळ चिरून दाखवलं तर तो खाली बसतोच.

फ्युजेरियम निघाली तर बाबांचा युरियाचा उपाय तिला पोसणारा आहे. तिचे बीजाणू पीक नसलं तरी मातीत दहा-दहा वर्षं तग धरतात आणि पालकावर पालक घेत गेलं की दर खेपेला वाढत जातात. अमोनियाच्या रूपातलं नत्र जादा पडलं आणि माती आंबट झाली की तिचा जोर वाढतो. शीतप्रदेशात पालकाचं बियाणं पिकवणारे शेतकरी याच कारणानं एका शेतात पालक परत घ्यायला दहा-पंधरा वर्षं थांबतात, शिवाय चुना टाकून मातीचा आंबटपणा कमी करतात. तुमच्या मातीचा सामू (पीएच) आधी मोजून घ्या. माती मुळातच चुनखडीची असली तर वरून चुना टाकून उपयोग नाही.

जादा युरियानं पान गर्द हिरवं दिसतं आणि गाडीपाशी माल उठून दिसतो, म्हणून बाबांचा हात तिकडे जातो. ते मी समजू शकते. पण असं पान पाणचट होतं, लवकर सडतं, माव्याची कीड त्यावर तुटून पडते, आणि न वापरलेलं नत्र पानात नायट्रेटच्या रूपात साठतं. युरोपीय संघानं ताज्या पालकासाठी नायट्रेटची कमाल मर्यादा किलोमागे ३५०० मिलिग्रॅम अशी ठरवूनच दिली आहे. ढगाळ, कमी उन्हाच्या दिवसांत ते जास्त साठतं, तेव्हा त्या दिवसांत तरी हात आखडता घ्या.

आता तुमचं. ‘विश्रांती’ हा शब्द तुम्ही वापरलात आणि बाबांना त्यात ‘पडीक’ ऐकू आलं. तीन एकरांवर पाच माणसांचं पोट असताना पडीक हा शब्द कुणालाही घाबरवेल. खरं तर वाफा रिकामा ठेवायची गरज नाही, त्यात दुसऱ्या कुळाचं पीक हवं. इथे बरेच जण फसतात. पालक काढून माठ लावला, माठ काढून चाकवत टाकला, म्हणजे फेरपालट झाली असं समजतात. पालक, माठ, राजगिरा, चाकवत ही एकाच कुळातली भावंडं. मेथी शेंगवर्गातली. कोथिंबीर आणि शेपू गाजराच्या कुळातले. मुळा, मोहरी, कोबी एका घरातले. कांदापात सगळ्यांहून वेगळी. विहिरीजवळ आधी कांदापात, मग मेथी, मग कोथिंबीर असा क्रम धरला तर जमिनीला विश्रांतीही मिळते आणि गाडीही रिकामी जात नाही. मेथीचं रोप उपटून मुळावरची गाठ फोडून बघा. आत गुलाबी दिसली तर ती हवेतलं नत्र धरते आहे. ही गाठ मातीच्या कामाची, सूत्रकृमीची गाठ वेगळी. ती मुळाच्याच आत फुगलेली असते, मेथीची बाजूला लोंबते आणि बोटानं सहज सुटते.

सूत्रकृमी निघाले तर मधे झेंडूचं दाट पीक दोन-तीन महिने घ्या. बांधावर चार झाडं लावून भागत नाही, अख्खा वाफा झेंडूचा हवा. आणि कडक उन्हाचे दिवस जवळ असतील तर वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून चार ते सहा आठवडे कडा मातीत दाबून ठेवा. इस्रायलमध्ये याकोव काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ही पद्धत शास्त्रशुद्ध मांडली, ती आज जगभर वापरतात. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. यानं वरच्या थरातली बुरशी आणि तणाचं बी बरंचसं मरतं. खोलवरचं राहतं, म्हणून नंतर नांगरून खालची माती वर आणू नये.

हे सगळं करायला तुम्हाला वाफा लागेल. तो कुठला मागायचा, हे मला या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मळ्यातला चांगला तुकडा मागू नका. विहिरीजवळचे आजारी वाफेच मागा. चांगला वाफा मागितलात तर बाबांना वाटेल, मुलगा हातातलं काढून घेतोय. जो वाफा दोन वर्षं काहीच देत नाही, तो देताना त्यांचं काही जात नाही. मुदत एक वर्ष ठेवा. त्या वर्षात तिथे काय पेरायचं, किती पाणी द्यायचं, काय फवारायचं, कधी कापायचं, हे फक्त तुम्ही ठरवायचं. येईल ते तुमच्या वहीत आणि बुडेल तेही तुमच्याच वहीत. बुडीत तुमच्या नावावर घ्यायची तयारी नसेल तर मागूच नका. त्यातला एक वाफा मुद्दाम बाबांच्या पद्धतीनं, त्यांच्याच हातानं होऊ द्या. शेजारी शेजारी दोन्ही दिसतील.

पालेभाजीवाल्यांना हे एक मोठं भाग्य आहे. फळबागेत मुलानं काही बदललं तर खरं-खोटं कळायला पाच-सात वर्षं जातात, तोवर दोघांची तोंडं दोन दिशांना झालेली असतात. मेथी महिन्याभरात, कोथिंबीर दीड महिन्यात उत्तर देते. वर्षात सात-आठ वेळा पेरायला मिळतं. पहिली दोन पिकं हुकली तरी वर्ष हातात असतं.

वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. वाफ्याचं नाव, पेरणीची तारीख, बियाणं कुठलं आणि किती, पाणी कधी, खत आणि औषध कुठलं आणि कधी, कापणी कधी, जुड्या किती, फेकावा लागला तो माल किती. शेवटचा रकाना कुणी भरत नाही, आणि पैसा नेमका तिथेच गळतो. कापलेला पाला जिवंत असतो, श्वास घेत असतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचा श्वास दोन-तीन पटींनी वाढतो. म्हणजे सकाळी कापून नऊपर्यंत उन्हात पडलेल्या जुडीचं आयुष्य बांधावरच घटायला लागतं. ऊन चढायच्या आत कापा, सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा, पिकलेल्या फळांच्या शेजारी रचू नका, पानं पिवळी पडतात. एवढं झालं तरी काही न पेरता माल वाढतो.

आता मेथी. इथे मी तुमच्या बाजूनं उभी आहे, पूर्णपणे. डब्यावर सात दिवस लिहिले असतील तर सातच. बाकीच्या बऱ्याच पिकांत औषध सालीवर पडतं, टरफलावर पडतं. पालेभाजीत ज्या पानावर पडतं तेच पान कुणीतरी त्या संध्याकाळी आपल्या लेकराच्या ताटात वाढतं. ज्या औषधाच्या डब्यावर तुमच्या पिकाचं नावच नाही, ते मळ्यात आणूच नका.

आणि एकाच्या चुकीचा भार सगळ्यांवर येतो. २००६ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पिशवीबंद पालकातून ई. कोलाय या जिवाणूची साथ पसरली. सुमारे २०० लोक आजारी पडले, तीन दगावले. तपास कॅलिफोर्नियातल्या एका शेतापर्यंत पोचला, तिथे आसपास गुरं चरत होती आणि रानडुकरं शिरत होती. पण तोपर्यंत सरकारनं देशभर सांगून टाकलं होतं की ताजा पालक खाऊ नका. ज्यांनी काहीच चूक केली नव्हती त्यांचेही वाफे उभेच्या उभे नांगरावे लागले. पुढच्याच वर्षी तिथल्या पालेभाजी उत्पादकांनी एकत्र येऊन पाणी, खत, जनावरं आणि हातांची स्वच्छता यांचे नियम स्वतःला लावून घेतले. यावरून आठवलं, शेणखत तुम्ही किती मुरलेलं टाकता? अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत असं आहे की खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर कच्चं शेणखत मातीत मिसळल्यापासून काढणीपर्यंत किमान १२० दिवस जायला हवेत. आपलं पीक चाळीस दिवसांचं. म्हणजे उभ्या हंगामात कच्चं शेण पालेभाजीला चालतच नाही. नीट तापलेलं, उलटंपालटं केलेलं, मातीसारखा वास येणारं खतच हवं.

असं असलं तरी तुम्ही बाबांना जिथे अडवलंत ती जागा चुकीची होती. गाडी सुरू, चार माणसं उभी, पाला मलूल होतोय, आणि मुलगा बापाला सांगतोय की तू विष विकतोस. असं किती घरांत होतं! कारण रोजची कापणी असलेल्या घरात सगळे एकत्र भेटतात ते गाडीपाशीच. धान्याच्या शेताला सुगी असते आणि सुगीनंतर चार निवांत दिवस असतात. पालेभाजीला सुगी नाही. तिथे माणसं वर्षानुवर्षं शेजारी शेजारी वाकलेली असतात आणि बसून बोललेली नसतात. तेव्हा आधी तुम्ही जा. जे बोललात ते मागे घेऊ नका, चारचौघांत बोललात त्याची माफी मागा. दोन्ही वेगळी आहेत आणि बाबांना तो फरक कळेल.

माफी मागून झाली की एक नियम मागा. ज्या वाफ्यात औषध मारलं त्याच्या तोंडाशी लाल चिंधी बांधायची, चिंधीच्या काठीला तारखेची चिठ्ठी लावायची. चिंधी आहे तोवर त्या वाफ्यात विळा घालायचा नाही, मग गाडी येवो नाहीतर मोठं गिऱ्हाईक येवो. पुढच्या वेळी ‘नाही’ म्हणायचं काम चिंधी करेल, तुम्हाला करावं लागणार नाही. आणि तयार होत आलेल्या वाफ्यावर औषधाची वेळच येऊ नये म्हणून पेरणीपासूनच कीडरोधक जाळी टाका, मावा दिसताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पाडा, पेरणी विरळ ठेवा म्हणजे पानं लवकर सुकतात.

आता तुमच्या बायकोकडे येते. तुम्ही लिहिलंत, ‘माझी बायकोही आमच्यासोबतच राबते.’ तिचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. आजीचं लिहिलंत, बाबांचं लिहिलंत, स्वतःचं लिहिलंत. पहाटे कापणीला तीही उठत असेल, जुड्या तीच बांधत असेल, कारण जुडी बांधणारा हात सहसा बाईचा असतो. घर आणि मूल त्याच्या आधी आणि नंतर. तुम्हाला बाबांकडे पैसे मागावे लागतात, तर तिला कुणाकडे मागावे लागतात? तुमच्याकडे. म्हणजे जो अपमान तुम्हाला जाचतो, तोच एक पायरी खाली तुमच्या घरात रोज होतो आहे. मी हे दोष द्यायला लिहीत नाही. माझ्या आईनं तीस वर्षं जुड्या बांधल्या. तिच्या अंगठ्याच्या बाजूला दोरीनं पडलेला खळगा शेवटपर्यंत भरला नाही, आणि तिच्या नावावर त्या मळ्यातलं काहीही नव्हतं. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ ते २०२८ हे कौटुंबिक शेतीचं दशक ठरवलं, तेव्हा कृती आराखड्यात तरुण पिढीला शेतीत टिकवणं आणि शेतातल्या बायकांना बरोबरीचा हक्क देणं हे दोन स्वतंत्र खांब म्हणून मांडले. जगभरच्या घरांत हीच दोन दुखणी सापडली असणार.

म्हणून मळ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला दरमहा ठरलेला मेहनताना हवा. थोडा का होईना, पण ठरलेला, हातात दिलेला आणि वहीत लिहिलेला. बाबांना, आजीला, तुम्हाला आणि तुमच्या बायकोला. उरलेलं मळ्याचं. ‘सगळं शेवटी तुझंच आहे’ हे वाक्य एकतिसाव्या वर्षी पुरत नाही. आणि तुमच्या नव्या वाफ्यांचं काय करायचं हे ठरवताना ती बसलेली असू द्या. कोणती जुडी सैल होते, कोणत्या वाफ्यातला पाला हातात फाटतो, हे तिला तुमच्या आणि माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आज द्यायची गरज नाही. मुलगी सहा-सात वर्षांची असेल-नसेल. आई त्या मळ्यात कशी जगते, हे बघूनच ती पुढे काय ते ठरवेल.

बाबांबद्दल थोडं. ५७ व्या वर्षी माणूस हिशेब डोक्यात का ठेवतो? वहीत उतरवला तर आपली गरज उरणार नाही, ही धास्ती असते. मालकी कधी आणि कशी पुढे द्यायची, काका-आत्यांचे हिस्से काय, बाबांच्या म्हातारपणाची सोय काय, हे वकिलासमोर बसून लेखी करा. पण त्याला एक वर्ष थांबा, आधी वाफ्यांचं वर्ष होऊ दे. तोवर त्यांना जे येतं आणि तुम्हाला येत नाही, ते त्यांच्याकडून घ्या. माझे वडील कोथिंबिरीची दांडी दोन बोटांत धरून मोडायचे. कट्‌ आवाज आला तर आज कापायची. नुसती वाकली तर म्हणायचे, उशीर झाला. मी कितीदा मोडून पाहिल्या, तो आवाज ओळखायला मला चार वर्षं लागली. तुमच्या बाबांकडे असं काहीतरी नक्की आहे. त्यांच्या पालकावर पालक घेण्याच्या हट्टामागेही एक कारण असेल, ते विचारलंत का? विहिरीजवळ पाणी लवकर पोचतं, गाडी जवळ लागते, आजोबांनी तिथेच पहिला वाफा धरला होता... काहीतरी असेल.

आणि आजी. तुम्ही लिहिलंत ती कुणाचीच बाजू घेत नाही. मला वाटतं, तिनं या मळ्याची बाजू केव्हाच घेतली आहे. ती कोणत्या रोपांना चिंध्या बांधते, हे तुम्ही कधी पाहिलंय? बहुतेक जण कोथिंबिरीचं बी धरताना जी रोपं आधी फुलावर येतात तीच राखतात, कारण त्यांचे धने आधी तयार होतात. त्यानं दर वर्षी थोडं थोडं असं बियाणं निवडलं जातं जे लवकर फुलावर येतं, आणि पाला देतच नाही. जाणतं माणूस उलटं करतं. जी रोपं सगळ्यात उशिरा फुलावर येतात, जी उन्हातही पाल्यावर टिकतात, त्यांना खूण करतं आणि बाकीची फुलं यायच्या आत कापून टाकतं. तुमच्या आजीची चिंधी अशाच रोपांना असेल तर तुमच्या घरात चाळीस-पन्नास वर्षांची निवड जमा आहे आणि ती कुठेही लिहिलेली नाही.

या हंगामात वही घेऊन तिच्या मागे फिरा. हे रोप का, ते का नाही, एका वेळी किती रोपं राखतेस, धने कशावर वाळवतेस, पेरायच्या आधी दोन फाकळ्या व्हाव्यात म्हणून कशानं रगडतेस, सगळं विचारा. कोथिंबिरीचं परागण किडे करतात, म्हणून दोन-चार रोपांवर बियाणं धरलं तर ते पुढे कमजोर होत जातं. आजी भरपूर रोपं राखत असेल, तिला कारण सांगता आलं नाही तरी हाताला ते माहीत असेल. बायकोला आणि मुलीलाही सोबत न्या. मग आजीकडून थोड्या चिंध्या मागून घ्या, पुढच्या ओळीतली रोपं तुम्ही निवडून बांधा, आणि तिला मागून बघत येऊ द्या. जी चिंधी ती सोडेल, त्या रोपाशी थांबा आणि का सोडली ते विचारा.